अति-अति तातडीचा खान्देश

खान्देशातल्या शेतकऱ्यांनी मोजणीवाल्यांना पिटाळून लावलं ते 1852 साली. तेव्हा जो मोजणीवाला रुसून गेला, त्याची समजूत अजून पुरती निघालेली नाही.

गंमत नाही, प्रसंग खरा आहे. 1818 साली पेशवाई बुडाली आणि खान्देश कंपनी सरकारच्या हाती गेला. पुढे 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या जोडगोळीने इंदापूर तालुक्यात जमीन मोजून, तिची प्रतवारी लावून साऱ्याचा बंदोबस्त बसवला. ती पद्धत साहेबाला एवढी आवडली की साखळ्या गावोगाव निघाल्या. तापीकाठी पोहोचल्यावर मात्र सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल इकडच्या मंडळींनी साधा हिशेब मांडला: आपलं शेत जो फुकट मोजून देतो, तो पुढे केव्हातरी वसूल करणारच. जमाव तंबूंभोवती गोळा झाला, मोजणी अधिकाऱ्यांना काढता पाय घ्यावा लागला. मग मॅन्सफिल्ड कलेक्टराने फौज बोलावली, पुढारपण करणाऱ्या पाटील-देशमुखांना धरलं आणि मोजणी करून दाखवली. फौजेच्या पहाऱ्यात का होईना, झाली. वेळेवर झाली.

त्याच पाटलांचे खापरपणतू आज हातात फाईल घेऊन, मोजणीवाल्याने कृपा करून यावं म्हणून आगाऊ पैसे भरून बसलेत. इंग्रजाला जमीन मोजायला लष्कर लागलं; आपल्या सरकारने असा बंदोबस्त केलाय की लोकच मोजणीसाठी रांग लावतात. स्वराज्य आलं नाही असं कोण म्हणेल?

अगदी परवापर्यंत मोजणीच्या चार जाती होत्या: साधी, तातडीची, अतितातडीची आणि अति-अति तातडीची. एवढी घाई सरकारदरबारी दुसऱ्या कुठल्या कामात नोंदलेली माझ्या पाहण्यात नाही. 1 डिसेंबर 2024 पासून या चार घायांच्या दोन केल्या, नियमित आणि द्रुतगती. खेड्यातल्या दोन हेक्टरपर्यंतच्या शेताला नियमितचे 2,000 रुपये, द्रुतगतीचे 8,000. म्हणजे चौपट भरले की तोच माणूस, तेच यंत्र घेऊन, त्याच बांधावर लवकर येतो. घाई तुमची, दर सरकारचा.

आमच्या एका नानांच्या शेताची मोजणी मी डोळ्यांनी पाहिली. तालुक्याचं नाव सांगत नाही, नानांना तिथेच राहायचंय. भानगड बांधाची. शेजारी त्यांचा चुलतभाऊच, आणि नांगरताना दर वर्षी बांधाची एक-एक ओळ कोरणं हा त्याच्या घराण्याचा पिढीजात छंद. नानांनी अर्ज केला, पैसे भरले. पावसाळ्यात चिखल म्हणून तारीख पडली नाही. नंतर कपाशी उभी, उभ्या पिकात मोजणी कशी होणार? मग निवडणूक, मग मार्चअखेर. शेवटी तारीख पडली ती मे महिन्यात, जेव्हा खान्देशात शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. लगतधारकांना नोटिसा गेल्या. सगळे लगतधारक आले, एरवी लग्नालाही येत नाहीत.

भूकरमापक साहेबांकडे रोव्हर होतं. पांढऱ्या काठीवर टोपीसारखं यंत्र, ते थेट उपग्रहांशी बोलतं आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते बोटाच्या पेराइतक्या अचूकतेने सांगतं. पूर्वी 33 फुटी साखळी असायची, तिचे सोळा आणे, एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. ऊन वाढलं की लोखंड पसरायचं, पोऱ्या दमला की साखळी ढिली पडायची. आता ती भानगडच संपली. फक्त झालं काय, रोव्हरने शोधलेली जागा जुळवायची ती साखळीच्याच काळातल्या टिपणाशी. ते टिपण घडीवर फाटलेलं, नेमकी नानांची हद्द घडीत गेलेली. आकाशातून आलेलं उत्तर अगदी बरोबर होतं, प्रश्नालाच वाळवी लागली होती.

दोन तासांनी साहेबांनी हद्द दाखवली. ती चुलतभावाच्या विहिरीच्या मधोमध गेली.

सगळे विहिरीच्या काठावर जमले आणि आत वाकून पाहू लागले, जणू रेघ खाली पाण्यावर उमटलेली दिसेल. विहीर ठणठणीत कोरडी होती म्हणून डोकी फुटली नाहीत. नाना म्हणाले, “आर्धी तुनी, आर्धी मनी.” चुलतभाऊ म्हणाला, “आनि पानी कोनं शे?” साहेबांनी टॅब बंद केला. पाणी आमच्याकडे येत नाही, म्हणाले, ते खातं वेगळं.

खातं खरंच वेगळं आहे. आणि एक नाही. जमिनीखालच्या पाण्यासाठी 1972 पासून भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. ती ठरलेल्या निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा पातळी मोजते आणि यावल-रावेरकडची पातळी खाली चालली आहे हे दर वेळी प्रामाणिकपणे लिहून ठेवते. पातळीही प्रामाणिक आहे, यंत्रणेला कधी तोंडघशी पाडत नाही. केळीला पाणी लागतं, जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या मानांकनात भूगोल आला, भूजल राहून गेलं. पातळी खाली गेली की बोअर खाली, बोअर खाली गेला की पातळी खाली. दोघांपैकी कोण कोणाचा पाठलाग करतंय याची नोंद कोणत्या नमुन्यात करायची, तो नमुना अजून छापून आलेला नाही.

वरच्या पाण्याला पाटबंधारे. त्याहून वर, म्हणजे ढगातल्या पाण्याला, महसूल खातं. हसू नका. पाऊस पडला की नाही हे आपल्याकडे पैशांत ठरतं. पैसेवारी आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ, एक्कावन्न झाली तर सुकाळ. बाजारातून पन्नास पैशांचं नाणं केव्हाच दिसेनासं झालं, भिकारीसुद्धा घेत नाही. पण त्यावर आख्ख्या तालुक्याचं वर्ष तोललं जातं. आणि शेतात काय उभं आहे ते शेतकऱ्यानेच मोबाईलवर फोटो काढून कळवायचं, ही ई-पीक पाहणी 2021 च्या स्वातंत्र्यदिनापासून. स्वतःच्या कपाशीत कंबरेएवढा बुडालेला माणूस फोन उंच धरून रेंज शोधतोय आणि ॲप त्याला सांगतंय की तुम्ही तुमच्या गटात नाही, असं दृश्य भाद्रपदात कुठल्याही शिवारात फुकट पाहायला मिळतं. तलाठ्याला विचारावं, तर तलाठी उरलाच नाही, 2024 मध्ये त्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. सज्जा तोच, कुलूपही तेच.

हे सगळं नकाशावाल्यांच्या हाती येण्यापूर्वी धुळ्याकडे पाण्याची वाटणी कशी चालायची, ते आता सांगायलाही लाज वाटते, इतकं ते सोपं होतं. पांझरा, कान या नद्यांवर लहान लहान बंधारे, त्यांच्यावर पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवायचा, म्हणजे दुष्काळसुद्धा पाटलापासून गड्यापर्यंत सगळ्यांना सारखाच वाटला जायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांची मजुरी पिकातून. काही शतकं हे चाललं. ना उपग्रह, ना मोजणी नकाशाची ‘क’ प्रत, ना द्रुतगती. याच पांझरेवर दातर्तीला 1884 नंतरच्या एक-दोन वर्षांत विश्वेश्वरय्या नावाचा नवा पोरसवदा इंजिनिअर आला आणि नदीखालून पाट काढायचं वक्रनलिकेचं काम करून गेला. पहिलीच मोठी कामगिरी, आणि पूर्ण केली! पुढे ते भारतरत्न झाले याचं मूळ कुठेतरी त्या एका क्रियापदात असावं.

कारण क्रियापद पूर्ण करणं आता आमच्याकडच्या पाणी योजनांना मानवत नाही. वर धरणं झाली, खालचे फड सुकले, ठीक, प्रगतीला किंमत असते. पण अमळनेर तालुक्यात पाडळशाला तापीवर जो निम्न तापी प्रकल्प आहे, त्याचा नारळ गेल्या शतकात फुटला. ज्या पोरांनी तेव्हा त्या नारळाचं खोबरं खाल्लं, ती आता प्रकल्प कृती समितीत आहेत. गिरणेवरचे सात बलून बंधारे तर आमच्या लोकशाहीचा कणाच. मेहुणबाऱ्यापासून कानळद्यापर्यंत नकाशावर सात ठिपके. दर निवडणुकीत त्यांत हवा भरतात, निकाल लागला की सोडतात. रबराचे बंधारे असल्यामुळे हा ताण ते सहज सोसतात. नकाशावर त्यांचं ठिकाण इतकं पक्कं आहे की त्या भागातले लोक पत्ता सांगताना ‘बलून बंधाऱ्याच्या अलीकडे’ म्हणू लागले तरी मला नवल वाटणार नाही.

गिरणेत पाणी नसलं म्हणून ती मोकळी असते असं मात्र समजू नका. रात्री तिथे जिवंतपणा असतो. वाळू ही एकच चीज अशी, जी सरकारी कागदावर ब्रासमध्ये मोजतात आणि नदीपात्रात फेऱ्यांमध्ये. नानांच्या बांधाची वीतभर हलवाहलव आकाशातून दिसते. आख्खं पात्र रोज डंपरमध्ये बसून गावाला जातं, ते मात्र ढगाळ हवामानामुळे दिसत नसावं. खान्देशात ढग एरवी येत नाहीत, पण अशा कामाला येतात. पथक पोहोचतं तेव्हा पात्रात फक्त टायरांच्या खुणा उरलेल्या असतात. त्या खुणांची मात्र रीतसर मोजणी होते, लांबी-रुंदी घालून पंचनामा होतो, पंचांच्या सह्या होतात.

तर माझं सरकारला एक नम्र निवेदन आहे. मे 2025 मध्ये भोपाळला तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने सह्या केल्या, सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी जिरवायचं ठरलं. चांगलंच आहे. पण काम सुरू करण्यापूर्वी एकदा तापीची हद्द कायम करून घ्यावी, म्हणून मी स्वतः तिच्या वतीने मोजणीचा अर्ज लिहायला घेतला. प्रकार: द्रुतगती. कारण: शेजारच्या वहिवाटदाराकडून दर वर्षी अतिक्रमण, आमच्या वाट्याचं पाणी बांध ओलांडून उकाईत जमा होतं. लगतधारक: पूर्वेस मध्य प्रदेश, पश्चिमेस गुजरात, उत्तरेस सातपुडा. सगळ्यांना नोटिसा काढाव्यात, मोजणीच्या दिवशी समक्ष हजर राहावं, गैरहजर राहिल्यास काही एक तक्रार ऐकली जाणार नाही.

अर्जदाराच्या वडिलांचं नाव या रकान्याशी जरा अडलो. पण तापी ही सूर्याची मुलगी हे आपल्याकडे सर्वमान्य आहे, आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मोत्सवही होतो, तेव्हा ‘सूर्य’ असं स्वच्छ लिहिलं. माहेर मुलताई. पत्ता: चांगदेवला पूर्णा येऊन मिळते तिथून पुढे सोयीनुसार.

खिडकीवर अर्ज दिला. माणूस भला होता, त्याने वाचला, हसला नाही. त्रुटी मात्र तिथल्या तिथे लाल पेनाने लिहून दिल्या. एक, वडील हयात असल्याने अर्जदाराच्या नावे स्वतंत्र खातं कसं, याचा वाटणीपत्राचा पुरावा जोडावा. दोन, भाऊ यम आणि शनी यांचं संमतीपत्र जोडावं, दोघांनी समक्ष येऊन सही करावी. तीन, शेतकरी ओळख क्रमांक नाही.

पहिल्या दोन अटींचं जमून जाईल, असं तोच म्हणाला. तिसऱ्यासाठी सर्व्हर सुरू झाल्यावर या.