चुना, लिंबू आणि ‘काहून?’

जादू शिकायला बसलेल्या हौशी माणसाच्या पुढ्यात पहिल्याच दिवशी तीन नियम येतात. अमेरिकन जादूगार हॉवर्ड थर्स्टन यांच्या नावावर ते सांगितले जातात : पुढे काय होणार हे आधी बोलू नका, एकच प्रयोग त्याच मंडळींना लगेच पुन्हा दाखवू नका आणि युक्ती तर कधीच फोडू नका. नियम पक्के आहेत. फक्त ते करणाऱ्याने अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर कधी चार माणसे जमवून पाहिली नसावीत. वऱ्हाडात प्रयोग सुरू व्हायच्या आधीच कोणीतरी विचारतो, ‘काय करून राह्यला बे?’ तो संपला की दुसरा म्हणतो, ‘पुन्हा दाव.’ पुन्हा दाखवला की तिसऱ्याचा प्रश्न तयारच असतो, ‘पण असं झालं काहून?’ दीड मिनिटात तिन्ही नियम धारातीर्थी पडतात. तरीही माझे म्हणणे असे आहे, की हा छंद लावून घ्यायचा तर वऱ्हाडातच लावून घ्यावा. चमत्कार पाहून लोक जिथे हात जोडतात, तिथे जादूगाराचे हात कधी सुधारत नाहीत. ते सुधारतात ‘दुसरा हात खोल’ म्हणणाऱ्यांच्या गावात.

सुरुवात पत्त्यांनी करू नये. एक तर घरात पत्त्यांचा जोड निघाला की शेजारचे काका ‘किती पानी?’ असे विचारत येऊन बसतात आणि जादूची रमी होते. दुसरे म्हणजे, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की वऱ्हाडी घरात जो कूलर लागतो, त्याच्यासमोर पत्ते पिसून पाहावेत. राजा स्वयंपाकघरात, राणी पलंगाखाली आणि गुलाम थेट अंगणात. पत्ते गायब करणे म्हणजे एवढेच असेल, तर शिकायची गरजच नाही. त्यापेक्षा दहा रुपयांचे नाणे घ्यावे. ते २७ मिलिमीटर व्यासाचे असते; बोटांत नीट बसते आणि चार हातांवरून दिसते. शिवाय गायब होण्याचा त्याला अनुभव आहे. ‘हे चालत नाही’ अशी अफवा उठून ठिकठिकाणचे दुकानदार ते घेईनात, तेव्हा रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून सांगावे लागले, की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. इतक्या मोठ्या बँकेचे ज्यांनी ऐकले नाही, ते आपल्या ‘छू मंतर’चे ऐकतील ही आशा नवशिक्याने तिथेच सोडावी.

आता युक्ती. नाणे डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या टोकांत धरायचे. उजवा हात ते घ्यायला येतो. त्याचा अंगठा नाण्याखालून जातो, बोटे वरून येतात आणि क्षणभर नाणे झाकले जाते. त्याच क्षणी डावा अंगठा सैल सोडायचा, की नाणे डाव्याच हाताच्या बोटांच्या मुळाशी अलगद उतरते. उजवी मूठ रिकामीच मिटते आणि काहीतरी घेतल्याच्या थाटात दूर निघते. याला फ्रेंच ड्रॉप म्हणतात. समजायला अर्धा मिनिट लागतो आणि अंगवळणी पडायला अख्खा पावसाळा. कारण अडचण बोटांची नसते, डोळ्यांची असते. नाणे डाव्या हातात आहे हे नवशिक्याला ठाऊक असते, म्हणून त्याची नजर तिथेच घुटमळते आणि तो हात नुकतेच प्लॅस्टर काढल्यासारखा अवघडून राहतो. यावर उपाय एकच : आधी वीस वेळा नाणे खरोखरच उजव्या हातात घ्यावे आणि तेव्हा आपले डोळे कुठे जातात ते पाहावे. ते उजव्या मुठीमागे जातात. खोटे करतानाही त्यांना तिकडेच न्यायचे. नजरबंदी म्हणतात ती आधी स्वतःच्या नजरेवर घालावी लागते.

ही बंदी नीट बसली की नाही, हे आरसा सांगत नाही. आरशातला माणूस आपल्याच बाजूचा असतो. भिडस्त प्रेक्षकही सांगत नाही. नाण्याची कड बोटांतून डोकावताना स्पष्ट दिसली तरी तो ‘वा, वा’ म्हणून चहा पुढे करतो आणि आपली चूक आपल्यापाशीच मुरते. वऱ्हाडी माणूस असला धर्मादाय करत नाही. ‘भाऊ, थो दुसरा हात खोल ना,’ एवढेच तो म्हणतो, आणि त्यात अख्खा क्लास आला. शिवाय तो समोर बसूनही राहत नाही. कोंडाळे करून उभे राहायची आपली रीत असल्यामुळे दोघे मागे असतात आणि एक पोरगा काखेखालून पाहत असतो. फ्रेंच ड्रॉप मागून पाहिला तर नागडाच दिसतो. म्हणजे उभे कुठे राहायचे, पाठ कोणत्या भिंतीला लावायची, हेही फुकटात शिकून होते. मोबाइलवर सगळ्या जादू शिकवल्या जातात, मग चौकात कशाला जायचे, असे कोणी म्हणेल. मोबाइलमधला गुरू उत्तम शिकवतो, पण तो एकाच कोनातून दिसतो आणि आपल्याला तर एकाही कोनातून पाहत नाही. काखेखालचा पोरगा त्याच्यापाशी नसतो.

मोठा आक्षेप पुढेच आहे : प्रत्येक ‘काहून’ला उत्तर देत बसले तर जादूत उरते काय? उत्तरासाठी लांब जायला नको. श्याम मानव यांनी १९८२ साली स्थापन केलेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती असो, की पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, यांचे कार्यकर्ते शाळा-कॉलेजांत चमत्कार आधी करून दाखवतात आणि मग उलगडून सांगतात. चाकूच्या पात्याला जास्वंदीच्या पाकळ्या चोळून ते वाळू द्यायचे. त्याने लिंबू कापले की आंबट रसाने तो रंग लाल होतो आणि करणीच्या लिंबातून ‘रक्त’ ठिबकते. हळदीच्या पाण्यात चुना पडला की तेही लाल होते. चुन्याची डबी कोणत्याही पानठेल्यावर मिळते, त्यामुळे चुना लावणे हा वाक्प्रचार इथे अक्षरशः शिकता येतो. आता हे सगळे फोडून सांगितल्यावर त्या पोरांचा रस संपायला हवा. होते उलटेच. दुसऱ्या दिवशी घरातली लिंबे संपतात. गिल्या वड्याची कृती अमरावतीत घरोघरी माहीत आहे, म्हणून ठेल्यासमोरची गर्दी कमी झालेली नाही. पेटीतली बाई खरोखर कापली जात नाही, हे तर तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; तरी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा वारसा मुलगा विजय आणि नातू जितेंद्र असा तीन पिढ्या चालत आला. युक्ती हा जादूतला सगळ्यात स्वस्त माल आहे. महाग आहे ती सफाई, आणि ती कोणाला सांगून टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप सोवळ्यातला आहे : हौशीने का होईना, ही फसवणूकच ना? त्यात महाराष्ट्रात २०१३ सालचा कायदा जादूटोणा हा शब्द नावातच घेऊन बसलेला, तेव्हा नाणे गायब केले तर दारात पोलीस यायचे. त्यांनी यायचे कारण नाही. त्या कायद्याचा रोख तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावण्यावर आणि लोकांना फसवण्यावर, दहशत घालण्यावर आहे. बुवा हातचलाखीला दैवी शक्ती म्हणतो. जादूगार ‘मी तुम्हाला फसवणार आहे’ असे आधीच सांगून फसवतो. वचन देऊन ते पाळणारा असा माणूस दुसऱ्या कोणत्या धंद्यात सापडतो? रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने १५८४ सालीच आपल्या पुस्तकात चेटकिणीच्या नावाखाली चाललेला छळ खोडून काढताना हातचलाखीच्या युक्त्या समजावून दिल्या होत्या. १८७६ साली प्रोफेसर हॉफमन हे नाव घेऊन अँजेलो लुईस या वकिलाने ‘मॉडर्न मॅजिक’ काढले आणि जादूगारांची विद्या हौशी लोकांच्या हाती दिली. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी गाडगेबाबा जन्मले. बाबांचा पत्त्यांशी काही संबंध नव्हता, पण समोरच्याला साधे साधे प्रश्न विचारत त्याच्याच तोंडून नवस-बळीचा फोलपणा वदवून घ्यायचा, ही त्यांच्या कीर्तनाची रीत होती. ‘काहून’ला या मुलखात एवढी मोठी परंपरा आहे. नवशिक्या जादूगाराने तिच्यावर रागावणे म्हणजे विहिरीत उतरून पाण्याबद्दल तक्रार करण्यासारखे आहे.

तेव्हा थर्स्टनच्या नियमांची वऱ्हाडी आवृत्ती करून घेणे बरे. पुढे काय होणार हे आधी विचारतील, तर वेगळेच काहीतरी सांगावे. लोक तिकडे पाहत बसतात आणि आपले काम सोपे होते. युक्ती फोडायचीच तर लिंबाची आणि हळदीची फोडावी, कारण ती माहीत असण्यात लोकांचा फायदा आहे. नाण्याची मात्र बोटांत ठेवावी. राहिला ‘पुन्हा नको’चा नियम. इथे टाळ्या सहसा पडत नाहीत. हात खिशात तरी असतात, नाहीतर तंबाखू मळण्यात गुंतलेले. प्रयोग फसला तर लोक सरळ कपाशीच्या भावाकडे वळतात. पण नाणे गेले, दोन्ही हात खोलून झाले, काखेखालचा पोरगाही चक्रावला, की मंडळी गप्प होतात आणि मग कोणीतरी पुटपुटतो, ‘पुन्हा दाव बे.’ ही आपल्याकडची टाळी. ती मिळाली की पुन्हा न दाखवता निघावे, आणि नाणे ज्याचे होते त्याला परत देऊन निघावे. बहुधा तो म्हणेल, राहू दे, तसंही ते कोणी घेत नाही.