कचरा त्यांचा, वर्गणी आपली

किलोमागे सुमारे 3,700 रुपये. कचरा जाळण्याचा हा भाव आहे, आणि तो तुम्ही-आम्ही भरलेला आहे.

हिशेब साधा आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात पडून असलेला 337 टन विषारी कचरा उचलून नष्ट करण्यासाठी केंद्र सरकारनं मध्य प्रदेशाला 126 कोटी रुपये दिले. भागाकार कुणीही करून पाहावा. 1 जानेवारी 2025 च्या रात्री 12 सीलबंद कंटेनर भोपाळहून निघाले, अडीचशे किलोमीटर चालून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोहोचले. तिथल्या लोकांनी रस्ता अडवला. दोघांनी अंगावर पेट्रोल घेऊन पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. शेवटी न्यायालयाच्या देखरेखीत आधी चाचणी झाली, मग भट्टी पेटली, आणि जूनच्या अखेरीस सगळा माल जळाला. जाळताना चुन्यासारखे पदार्थ मिसळावे लागतात, त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. ती पुन्हा कुठंतरी पुरायची, आणि पुरल्यावर तिच्याकडे लक्ष ठेवायचं.

या कारखान्यातून विषारी गॅस फुटला 1984 च्या डिसेंबरात. कचरा हलला 2025 च्या जानेवारीत. मधली चाळीस वर्षं हा माल कारखान्याच्या आवारात आणि अनेक फायलींमध्ये पडून होता. 2007 मध्ये तो गुजरातमधल्या अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातनं नकार दिला. 2011 मध्ये नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळायचं ठरत होतं. आपल्याकडून विरोध झाला आणि तोही बेत बारगळला. 2012 मध्ये जर्मनीची सरकारी संस्था तो विमानानं आपल्या देशात नेऊन जाळायला तयार झाली होती. खर्च होता सुमारे 25 कोटी. केंद्राच्या मंत्रिगटानं मान्यता दिली, पण अटींवर बोलणी अडली आणि काही महिन्यांत जर्मनांनी अंग काढून घेतलं. 25 कोटींचं काम आपण बारा वर्षं लांबवलं आणि 126 कोटींना केलं.

आणि एवढं करून झालं काय? त्या 337 टनांत 162 टन तर नुसती माती होती. वरवरची, खरवडून पोत्यात भरलेली. खालची माती आहे तिथंच आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेबरोबर 2010 मध्ये अभ्यास केला, तेव्हा दूषित मातीचा अंदाज निघाला 11 लाख टन. म्हणजे दर दहा हजार किलोंतले तीन किलो आपण हलवले. बाकीच्यावर पाऊस पडतो, पाणी मुरतं, आणि ते शेजारच्या वस्त्यांच्या हातपंपांत उतरतं. त्या वस्त्यांना नळाचं स्वच्छ पाणी द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला 2004 मध्ये सरकारला सांगावं लागलं. गॅसनं जे मेले ते एका रात्रीत जगाला दिसले. या पाण्यानं आजारी पडलेल्यांसाठी कुठल्या तारखेला मेणबत्त्या लावायच्या?

आता मुद्द्याचं. हे पैसे सरकारनं का दिले?

कारखाना 1969 मध्ये सुरू झाला. आवारात कचरा पुरणं, सांडपाणी बाष्पीभवनाच्या तळ्यांत सोडणं, ही कामं गॅसकांडाच्या कितीतरी आधीपासून चालू होती. म्हणजे मातीचं प्रदूषण हा अपघात नव्हता, ती रोजची पद्धत होती. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली ती गॅसपीडितांची, मातीची नव्हे. 1998 मध्ये भाडेपट्ट्याची ती जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. कचऱ्यासकट! कुठलाही घरमालक भाडेकरू जाताना भिंतीवरचे खिळे मोजतो, नळ गळतोय का बघतो, आणि मगच अनामत परत करतो. इथं सरकारनं विषानं भरलेली जमीन ताब्यात घेतली. 2001 मध्ये अमेरिकेच्या डाऊ कंपनीनं युनियन कार्बाइड विकत घेतली आणि जुन्या देण्यांशी आपला संबंध नाही म्हणून हात झटकले. 2005 मध्ये केंद्राच्या रसायन खात्यानं न्यायालयात मागणी केली, की डाऊनं सफाईसाठी 100 कोटी रुपये आगाऊ जमा करावेत. रास्त मागणी होती. ती रक्कम कधीच जमा झाली नाही, आणि सफाईचा धनादेश शेवटी सरकारी तिजोरीतून फाटला.

सरकारनं पैसे दिले याला माझी हरकत नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण या विषयावर बोललं की लोकांना वाटतं, ही बाई अनुदानाच्याच विरोधात आहे. माती खराब असेल तर ती आधी साफ झाली पाहिजे. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पोरांनी शिसं आणि पारा प्यायचा का? पैसे सरकारनंच आधी घालावेत. पण घातलेला प्रत्येक रुपया उसना आहे, हे कागदावर लिहिलेलं असावं, आणि वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव त्याखाली असावं. परत न मागता दिलेले पैसे म्हणजे प्रदूषण करणाऱ्याला बक्षीस.

असं कुठं होतं? अमेरिकेत झालं. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनाल नावाचा अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल या कंपनीनं 1942 पासून दहा-अकरा वर्षं त्यात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकून टाकली. तिथं शाळा झाली, घरं झाली, आणि मग तळघरांत काळा द्राव पाझरायला लागला. 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. त्यातून 1980 च्या डिसेंबरात जो कायदा आला, त्यालाच सुपरफंड म्हणतात. त्याची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. रसायन आणि तेल कंपन्यांवर कर लावून निधी उभा करायचा. त्यातून सरकारनं लगेच सफाई सुरू करायची. आणि मग ज्यानं कचरा टाकला, ज्यानं तो वाहून नेला, ज्याची जमीन आहे, त्या सगळ्यांच्या मागे लागून खर्च वसूल करायचा. कंपनी विकली गेली तरी देणं पुसलं जात नाही. हूकरला विकत घेणाऱ्या ऑक्सिडेंटलला 1995 मध्ये तिथल्या केंद्र सरकारला 12 कोटी 90 लाख डॉलर द्यावे लागले. डाऊचा देशही हाच, हे विसरू नका.

तिकडेही सगळं आलबेल नाही. 1995 च्या अखेरीस तो कर बंद पडला आणि पुढची पंचवीसेक वर्षं बराचसा भार सामान्य करदात्यावर आला. सफाईची कामं रेंगाळली. 2021 मध्ये कायदा करून रसायनांवरचा कर पुन्हा लावावा लागला. उद्योगाचा हात निधीतून निघाला की काय होतं, ते यातून दिसतं.

आता दुसरं अनुदान, जे द्यायलाच हवं आणि जे आपण धड देत नाही. कचरा तयारच होऊ नये यासाठीचं.

राजस्थानातलं बिछडी गाव घ्या, उदयपूरजवळचं. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथं एच-ॲसिड बनवणारी युनिटं निघाली. एच-ॲसिड हा कपड्यांच्या रंगांसाठी लागणारा कच्चा माल. परदेशांत त्याच्यावर बंधनं आली म्हणून आपल्याकडे त्याची चलती होती. तयार झालं जेमतेम 375 टन. त्याच्यापायी लोखंड आणि जिप्समचा विषारी गाळ निघाला 2,440 टन. एका टन मालाला साडेसहा टन गाळ! तो उघड्यावर टाकला, पावसानं मुरला, आणि गावच्या विहिरींचं पाणी तांबडं-काळं झालं. पिकाला चालेना, जनावरालाही चालेना. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये निकाल दिला, की ज्यानं प्रदूषण केलं त्यानंच भरपाई करायची आणि सफाईही करायची. आज प्रत्येक पर्यावरण खटल्यात या निकालाचा दाखला देतात. सफाईचा आकडा ठरला 37 कोटी 38 लाखांच्या वर. म्हणजे टनभर एच-ॲसिडमागे सुमारे 10 लाख रुपये. कंपनीनं अर्जांवर अर्ज करून पैसे टाळले. 2011 मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याज लावावं लागलं.

यातली रसायनशास्त्राची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या पद्धतीत एका टप्प्यावर लोखंडाचा चुरा घालतात, त्यातून तो गाळ निघतो. तेच काम उत्प्रेरक आणि हायड्रोजन वायू वापरून करता येतं, मग लोखंडाचा गाळ निघतच नाही. पण त्याला उच्च दाबाची भांडी लागतात, सुरक्षेची यंत्रणा लागते, शिकलेली माणसं लागतात. मोठ्या कंपनीला ते परवडतं. एमआयडीसीतल्या दोन-तीन रिॲक्टरच्या शेडवाल्याला परवडत नाही. बँक त्याला उभं करत नाही, कारण गाळ कमी होणं हे बँकेच्या लेखी उत्पन्न नाही. अनुदान द्यायचं तर इथं द्या. इथं घातलेला रुपया पुढचे कितीतरी रुपये वाचवतो, आणि विहीर वाचवतो ते वेगळंच. हे होऊ शकतं याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. कॉस्टिक सोड्याचे कारखाने पूर्वी पाऱ्यावर चालत. केंद्रानं उद्योगांसाठी काढलेल्या 2003 च्या पर्यावरण सनदेत त्यांना मेंब्रेन तंत्राकडे जायची मुदत घालून दिली, आणि तो उद्योग जवळजवळ सगळा पाऱ्यातून बाहेर पडला.

आपली सरकारी अनुदानं जातात ती मात्र पाइपच्या शेवटच्या टोकाला. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची योजना पाहा. 2012 मध्ये ठरलेल्या सूत्रानुसार उभारणीचा निम्मा खर्च केंद्राचा, पाव राज्याचा, पाव उद्योजकांचा. छोट्या उद्योगांना एकेकटं केंद्र बांधता येत नाही, तेव्हा योजना चुकीची नाही. पण बांधायला पैसे मिळतात, चालवायचा खर्च सभासदांनी वर्गणीतून करायचा. वीजबिल, रसायनं, गाळाची विल्हेवाट, हे सगळं वर्गणीवर. वर्गणी थकली की आधी पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडतो. अनेक केंद्रांचं पाणी मानकात बसत नाही, हे प्रदूषण नियंत्रण मंडळांच्याच तपासण्यांत वारंवार दिसलं आहे. मग ते अनुदान कशाचं होतं? काँक्रीटचं. अनुदानाचा मोठा हप्ता उद्घाटनाला न देता तीन वर्षं पाणी मानकात राहिल्यावर द्या, केंद्रं आपोआप चालतील.

आणि ज्याला प्रक्रिया केंद्राची वर्गणीसुद्धा भरायची नाही, तो टँकर बोलावतो. 2014 च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात वालधुनी नदीत रात्री एका टँकरनं रसायन सोडलं. वायू पसरला, झोपेतली माणसं खोकत-ओकत उठली, शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या टँकरच्या फेरीचे पैसे आणि घातक कचरा रीतसर तळोज्याला किंवा रांजणगावला पाठवण्याचे पैसे यांतला फरक, एवढंच त्या गुन्ह्याचं कारण. हा फरक बुजवणं हे अनुदानाचं खरं काम. सोबत टँकरवाल्याइतकाच कारखानदारही तुरुंगात गेला पाहिजे.

आता एक नवी गोष्ट, जी तुमच्या उपयोगाची आहे. 24 जुलै 2025 ला केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. असे नियम देशात पहिल्यांदाच आले. देशभरात 103 जागा दूषित ठरल्या आहेत, आणि नियम आले तेव्हा प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी. नियम सांगतात, जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. राज्य मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. दोषी सापडला तर खर्च त्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपतच नसली, तर केंद्र आणि राज्य मिळून खर्च करतील. चौकट बरी आहे. भोक एकच आहे आणि ते मोठं आहे: जागा दूषित ठरल्यावर ती किती दिवसांत साफ झाली पाहिजे, याची मुदतच नाही. भोपाळमध्ये मुदत नसली की काय होतं ते आपण चाळीस वर्षं पाहिलं आहे. ती मुदत नियमात घालून घेतली पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या खासदारांनी बोललं पाहिजे.

तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या गावाजवळ बंद पडलेला रासायनिक कारखाना असेल, एमआयडीसीच्या कडेला पिंपांचा ढीग असेल, बोअरच्या पाण्याला रंग येत असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दोनच प्रश्न विचारा. आमच्या जिल्ह्यातल्या संशयित दूषित जागांचा सहामाही अहवाल गेला का, आणि त्यात कुठल्या जागा आहेत? अर्जाची फी 10 रुपये आहे, आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.