बाणाचा ताठा कसा मोजावा: तिरंदाज मुलांच्या वडिलांसाठी

मुलीचा बाण पिवळ्याऐवजी निळ्यात लागला, तर कारणे पुढील क्रमाने शोधावीत: वारा, धनुष्य, बाण. यादी इथे संपते. चौथे कारण प्रशिक्षक सुचवतील, पण त्यांना उगाचच मुलीच्या कोपराचे वेड असते.

साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्याला येऊन घडलेला नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे 2023 साली बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. तेव्हापासून मैदानामागच्या बाकांवर वडील मंडळींची दाटी जरा जास्तच जाणवते. तिथे नुसते बसून राहणे बरे दिसत नाही. वाऱ्यावर इलाज नाही, आणि धनुष्याचे बिल आठवले की त्याला दोष देववत नाही. उरला बाण.

बोटांनी दोरी सोडली की ती सरळ पुढे जात नाही, किंचित आडवी सरकते. मागून रेटा बसलेला बाण त्यामुळे वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो आणि लवत लवतच लक्ष्याकडे जातो. त्याने किती लवावे हे त्याच्या ताठपणावर, म्हणजे मैदानाच्या भाषेत ‘स्पाइन’वर ठरते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा फार ताठ बाण सहसा डावीकडे जातो, फार लवचीक उजवीकडे. एवढे ज्ञान बाकावर बसून उच्चारायला पुरेसे आहे. पुढचे वाचन यंत्र बांधणाऱ्यांसाठी.

प्रमाण असे: 28 इंचांवर दोन आधार, त्यांवर बाण, मधोमध 880 ग्रॅम वजन. बाण जितके इंच लवेल त्याला हजाराने गुणावे. अर्धा इंच लवला तर स्पाइन 500. आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. सीईटीच्या रँकमधून गेलेल्या घराला हा उलटा हिशेब समजावावा लागत नाही. याचे तयार यंत्र विकतही मिळते. त्याची किंमत विचारावी, “एवढ्याला?” असे मोठ्याने म्हणावे आणि घरी यावे. बांधणीची ही पहिली पायरी होय.

पायासाठी माळ्यावरची जुन्या पलंगाची फळी आपल्याला हाका मारील. ऐकू नये. ती पावसाळ्यात एकदा फुगलेली असते आणि वजन पडले की स्वतःच लवते. मग बाणाऐवजी पलंगाचा स्पाइन मोजला जातो. स्लायडिंग खिडकीवाल्याकडे अॅल्युमिनियम सेक्शनचे तुकडे पडलेले असतात, त्यातला एक घ्यावा. दोन्ही टोकांना दोन-दोन बेअरिंगे शेजारीशेजारी बोल्टवर बसवावीत, म्हणजे बाण मधल्या खाचेत बसतो आणि जागच्या जागी फिरवताही येतो. तिरंदाजीच्या आधी मुलीने स्केटिंग सोडले असेल, तर बेअरिंगे घरातच आहेत. स्केटिंगच्या आधी गिटार सोडली असेल, तर तिचा इथे उपयोग नाही.

आधारांमधले अंतर 711 मिलीमीटर. शिवणाची टेप वापरू नये, ती ताणली जाते. आणि इथे हलगर्जीपणा महागात पडतो, कारण लवण अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सात मिलीमीटर, म्हणजे जेमतेम एक टक्का अंतर चुकले, की लवणात तीन टक्क्यांची चूक होते. 500 चा निष्पाप बाण 515 चा ठरून भात्याबाहेर जातो.

आता वजन. वाण्याची 500, 200, 100, 50, 20 आणि 10 ग्रॅमची मापे प्रत्येकी एकेक घेतली की बेरीज नेमकी 880 होते. या योगायोगाने भारावून जाऊ नये, कारण ती मापे टांगता येत नाहीत. त्यापेक्षा प्लॅस्टिकची बाटली घ्यावी आणि हूक, दोरीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर 880 भरेपर्यंत तीत वाळू घालावी. पाणी घालू नये, ते हिंदकळते. तूरडाळ घालू नये. याचे कारण घरात विचारावे.

लवण मोजायची वेळ आली की इंजिनिअर वडील कंपनीतून “दोन दिवसांसाठी” डायल गेज आणतात. नेहमीच्या डायल गेजची दांडी 10 मिलीमीटर सरकते. 500 चा बाण 12.7 मिलीमीटर लवतो आणि नवशिक्या पोरांचे 1000 चे बाण तर पुरा एक इंच. शिवाय दांडीमागची स्प्रिंग बाणाला उलटे रेटते, म्हणजे काळजीने भरलेले 880 ग्रॅम 880 राहत नाहीत. गेज परत करावा. सायकलचा स्पोक घेऊन तो एका खिळ्यावर असा टेकवावा, की बाणाकडची बाजू 5 सेंटिमीटर आणि दुसरी 25 सेंटिमीटर राहील. लांब बाजू आपल्या वजनाने खाली झुकते, आखूड बाजू बाणाला खालून हलकेच चिकटून राहते आणि लवण पाचपट होऊन मागच्या आलेखाच्या कागदावर दिसते. शून्याची खूण बाण ठेवल्यावर, पण वजन टांगण्याआधी करावी, म्हणजे बाणाच्या स्वतःच्या वजनाचा प्रश्न मिटतो.

यंत्र खरे बोलते की नाही, हे बाणाला विचारून कळत नाही. त्यासाठी 6 मिलीमीटरचा पोलादी ब्राइट बार आणावा. एवढ्या अंतरावर एवढ्या वजनाने तो गणिताप्रमाणे जवळजवळ 5.08 मिलीमीटर, म्हणजे इंचाचा पाचवा हिस्सा लवला पाहिजे: स्पाइन 200. मात्र बारची जाडी व्हर्नियरने पाहावी, कारण इथे जाडीचा चौथा घात लागतो, 5.9 भरली तर लवण सात टक्क्यांनी वाढते. दुकानदार बारची पूर्ण लांबी घ्यायला लावेल. उरलेला तुकडा पडद्यासाठी आणला असे घरी सांगता येते.

मग डझनभर बाण एकेक करून ठेवावेत आणि प्रत्येक चारही बाजूंनी फिरवून मोजावा. कार्बनच्या नळीलाही थोडी ताठ बाजू असते, बांबूच्या बाणाला तर असतेच असते. ती पेन्सिलीने खुणावी. सगळ्या बाणांवर नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागची खाच, त्याच बाजूच्या हिशेबाने बसवली तर निदान बारा बाण बारा दिशांना लवत नाहीत. नेमका आकडा एखाद्या टक्क्याने चुकला तरी बिघडत नाही. बाराही बाणांचे आकडे एकमेकांजवळ हवेत, खरी मेख तिथे आहे. पॉइंटचे वजन बदलले किंवा शाफ्ट कापला की उडतानाचे वागणे पुन्हा निराळे होते, आणि ते या यंत्राला दिसत नाही. हे वाक्य बाकावर उच्चारू नये.

आता बाणांवर 1 ते 12 क्रमांक घालावेत, फटकून निघालेल्या बाणाचा क्रमांक वहीत लिहावा आणि मुलीला काहीही न सांगता तो भात्यात मिसळावा. तिला आठवडाभर नेहमीसारखे मारू द्यावे. बाहेर कोणता जातो ते दुर्बिणीतून टिपावे. वहीतलाच बाण पुन्हा पुन्हा एकाच बाजूला गेला, तर यंत्र उत्तम. सगळे बाण आळीपाळीने बाहेर गेले, तर स्पोकचा खिळा ढिला आहे असे समजून तो घट्ट करावा. प्रशिक्षक त्या वेळी तिच्या कोपराला हात लावून काही दाखवत असतील, तर तिकडे लक्ष देऊ नये.