तुमच्या तक्त्यात आमची मुलं नाहीत

तयार लघुप्रबंध विकणाऱ्या दुकानदारास,

झेरॉक्स मशीनमागे बसून तुम्ही शिक्षणशास्त्राच्या पदव्या जुळवून देता, हे आता तालुक्यात कुणापासून लपलेलं नाही. विषय सांगा, शाळेचं नाव सांगा, आठवड्याने या. काळं रेग्झिन, सोनेरी अक्षरं, आत पाच प्रकरणं. स्वाध्याय हवे असतील तर तेही हाताने लिहून तयार. तुमच्याकडचा असाच एक लघुप्रबंध माझ्या हाती आला आणि मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. तुम्ही स्वतः मात्र तो कधी उघडूनही पाहिलेला नाही, हे चौथ्या प्रकरणात कळून चुकलं.

विषय पाचवीच्या मुलांचं वाचन. शाळा आमच्याच बीड जिल्ह्यातली. न्यादर्श ४० विद्यार्थी, वीस-वीसचे दोन गट. पूर्वचाचणी सप्टेंबरात, उत्तरचाचणी जानेवारीत. आणि तक्त्यात टी-मूल्याशेजारी स्वाधीनता मात्रा छापली आहे ५८. दोन गटांत मिळून ४० मुलं असतील तर तिथे ३८ यायला हवेत. ५८ येतात ते ६० मुलांना. म्हणजे तो तक्ता भलत्याच शाळेचा आहे, किंवा कुठल्याच शाळेचा नाही. पाचव्या प्रकरणात तर मासेमारीच्या हंगामात गैरहजेरी वाढते म्हणून शिफारशी केल्या आहेत. बालाघाटच्या डोंगरात कुठला समुद्र पाहिलात तुम्ही? कोकणातल्या कुणाला तरी विकलेला माल गावाचं नाव बदलून इकडे खपवलात, आणि तेवढं नाव बदलण्यापलीकडे मेहनत घ्यायचीही तुमची तयारी नव्हती.

आकडा चुकला म्हणून मी एवढी चिडलेली नाही. मला चीड आहे ती जानेवारीत ती ४० मुलं वर्गात हजर दाखवल्याची. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. काही लेकरं आजीआजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, उरलेली आईबापांबरोबर फडावर जातात. जानेवारीत आमच्याकडे वर्ग भरतो तो ओस पडलेल्या गावात. तुमच्या ग्राहकाने खरोखर चाचणी घेतली असती तर उत्तरचाचणीच्या रकान्यात ठिकठिकाणी गुणांऐवजी रेघ आली असती, आणि त्या रेघा हाच त्या अभ्यासाचा खरा निष्कर्ष ठरला असता. कोण गेलं, त्यात मुली किती, मागे राहिलेल्यांना घरी कोण वाचून दाखवतं, हे सगळं त्यातून विचारता आलं असतं. तुम्ही त्या रेघा पुसल्या. फडावर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या पोरीला तुम्ही कागदावर वर्गात बसवलंत आणि वर तिची प्रगतीही दाखवलीत. तिच्यासाठी उद्या कुणी काही मागायला गेलं, तर तुमचाच लघुप्रबंध पुढे करून सांगता येईल की इथली मुलं तर वाचतात.

ही पदवी कशासाठी आहे, ठाऊक आहे? २०१४च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचं झालं. ते नियमित करायचं तर शाळेतून रजा घ्यावी लागते, आणि वाडीवस्तीवरच्या शाळेत दोनच शिक्षक असतील तर ती रजा मिळणार कुठून? अशा शिक्षकांपुढे मुक्त विद्यापीठाचं एम.ए. शिक्षणशास्त्र असतं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली संसदेच्या कायद्याने उभं राहिलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी, संसार, शेती यांतून उठता न येणाऱ्या माणसापर्यंत विद्यापीठानेच चालत जावं, म्हणून या संस्था काढल्या. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत पुरा करायची मुभाही मिळते. ही सवलत वेळेची आहे, अभ्यासाची नाही. दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, तरी ‘घरबसल्या मिळालेली डिग्री’ हा टोमणा आम्ही अजून ऐकतो. तो टोमणा खरा ठरवायचं काम तुम्ही रोज पैसे घेऊन करता. रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसणाऱ्या बाईची पदवी आणि तुमच्या गिऱ्हाइकाची पदवी, कागद एकच. तिच्या जागरणाची किंमत तुम्ही शून्यावर आणलीत.

तुमचं उत्तर मी ऐकलं आहे: शिक्षकांना वेळच नसतो, आम्ही मदत करतो. वेळ नसतो हे खरं आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, रोजच्या ऑनलाइन माहित्या यांत आमचा जीव जातो. पण तुम्ही त्या थकव्याचा धंदा मांडलात, त्याला मदत म्हणू नका. पकडला गेला तर भोगायचं शिक्षकाने. आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत साठ टक्क्यांहून अधिक साम्य निघालं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. तुम्हाला त्याची झळ लागत नाही. तुम्ही तोच मजकूर पुढच्याला विकायला मोकळे.

शिक्षकाने स्वतःच्याच वर्गातला प्रश्न घेऊन संशोधन करावं, हा विचार स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये कृतिसंशोधनावरच्या पुस्तकात मांडला. तो वाचला आणि मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या वर्गालाही अभ्यासात जागा आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी फाल्गुनात फडावरून परतली. पुस्तकातल्या जोडाक्षराशी ती अडखळते, प्रत्येक वेळी बोट ठेवून थांबते. पण ‘वजनकाटा’, ‘सहकारी साखर कारखाना’, ‘ट्रॅक्टर चालक-मालक’ हे तिने न अडखळता वाचलं. मी फळ्यावर लिहीत गेले आणि ती वाचत गेली. बापाच्या खेपेची पावतीही तीच वाचून दाखवायची, असं तिने सांगितलं. मग मी पाटीवर पावती काढली आणि तिथून जोडाक्षरं शिकवायला सुरुवात केली. ‘ट्र’ आणि ‘क्ट’ तिला आधीच येत होते, वर्षानुवर्षं शिकवूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. टिपणवही हातात घेऊन तिच्याशेजारी बसले तेव्हा ते दिसलं. लघुप्रबंध लिहायला सांगतात तो शिक्षकाने एकदा तरी असं बसावं म्हणून. तेवढं बसणंच तुम्ही पैसे घेऊन टाळून देता, आणि वर्गातलं मूल होतं तिथेच राहतं.

त्या लघुप्रबंधातल्या चुका पानवार लिहून मी अभ्यासकेंद्रावर लेखी दिल्या आहेत. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला त्याच्या वर्गाचं हजेरीपत्रक समोर ठेवून प्रश्न विचारा, ही विनंतीही त्यात आहे. तुम्ही तुमचा फलक उतरवा आणि त्या शिक्षकाचे पैसे परत करा. मी त्यांच्याशी बोलले आहे. विषय तोच ठेवून ते नव्याने लिहिणार आहेत. त्यांच्या वर्गातली मुलं पाडव्याच्या सुमारास परततात, उत्तरचाचणी तेव्हा होईल.

जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका