कंपनीतून निघाली तशी

यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत निघालेला वाघ २०२४ च्या अखेरीस येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात येऊन राहिला, तेव्हा आपल्या जिल्ह्यात काहीही येऊ शकतं, अशी धाराशिवकरांची खात्री पटली. जॅग्वार ई-टाइप मात्र अजून आलेली नाही. फेरारीची आणि कॉर्व्हेटचीही काही खबर नाही. जुन्या स्पोर्ट्स कारचं बोनेट उघडायचं आणि आतला एकेक नट कारखान्यातून आला होता तसा करून ठेवायचा, हे वेड तिकडे असल्या गाड्यांवर खर्च होतं. आपल्याकडे ते प्रीमियर पद्मिनीवर भागवावं लागतं. वेडाची प्रत तीच.

असा एखादा माणूस तालुक्याच्या गावातही सापडतो. त्याला आपण अण्णा म्हणू, कारण गावही बहुतेक तेच म्हणत असतं. वय साठीच्या पुढे, बांधकाम खात्यातून निवृत्त, मुलगा हिंजवडीत, आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली वडिलांची १९७४ ची गाडी. पाहुणा आला की इतर घरांत आधी पाणी देतात. अण्णा आधी बोनेट उघडतात.

या गाडीवर धाराशिवचा हक्क आहे, हे ते पहिल्या पाच मिनिटांत पटवून देतात. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंदांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. म्हणजे गाडीचं माहेर इटलीतलं तुरिन, सासर कुर्ला आणि आजोळ इथून दीड तासावर. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात. मग फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिची डिलाइट झाली, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. घोडे चाळीसच्या आसपास. हा आकडा सांगताना अण्णांचा आवाज जरा खाली येतो.

पद्मिनी म्हणून बाहेर पडलेल्या गाडीवर फियाटचा बिल्ला असणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. वडिलांनी तो हौसेने लावून घेतला होता. अण्णांनी तो काढला. गाव अजूनही फियाटच म्हणतं.

खरी लढाई बोनेटच्या आत आहे. ही गाडी पन्नास वर्षं चालती ठेवली ती गॅरेजवाल्या चाचांनी, हातात मिळेल ते वापरून. एअर क्लीनर जीपचा, रेडिएटरची होज कुठल्याशा ट्रॅक्टरची, ती आवळायला क्लिपऐवजी बाइंडिंगची तार, पेट्रोलच्या पायपावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि गळती जिथे जिथे झाली तिथे तिथे एम-सील. हे सगळं उपसून काढताना अण्णांनी चाचांना बोलावून घेतलं आणि ती तार त्यांच्या नाकासमोर धरली.

"चाचा, हे कुणी केलं?"

"मीच की. तुमच्या वडिलांना सोलापूरला लग्नाला जायचं होतं. रेडिएटर फुटाया आला होता."

"अहो, पण हे कंपनीचं नाही!"

"कंपनी आली होती का तुळजापूरच्या घाटात ढकलायला?"

अण्णांकडे याला उत्तर नाही, पण स्पेअर पार्ट्सच्या कॅटलॉगची झेरॉक्स आहे. तिच्यात इंजिनाचा प्रत्येक भाग सुटा सुटा काढून त्याला नंबर दिलेला आहे. चित्रात जिथे वॉशर एक आहे तिथे दोन निघाले, की अण्णा दोन दिवस जेवणावर राग काढतात. पुण्याला मुलाकडे जाणं ते बुधवार किंवा रविवार पाहूनच ठरवतात. सुनेला वाटतं, नातवाची ओढ आहे. प्रत्यक्षात त्या दोन दिवशी जुना बाजार भरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा लोकांनी हळहळून फोटो काढले. अण्णांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला फोन लावला.

बोल्ट हा त्यांचा विशेष प्रांत. बोल्टाच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण उठवलेली असते, कुठे टीव्हीएस, कुठे जीकेडब्ल्यू. ती वाचायला अण्णा खिशात भिंग ठेवतात. एकदा मापात अगदी बरोबर बसणारा, चुडीही न झिजलेला बोल्ट त्यांनी परत पाठवला, कारण त्यावरचं झिंक पांढरं होतं आणि त्यांना पिवळी झाक हवी होती. दुकानदाराने तो पिवळ्या ऑइलपेंटमध्ये बुडवून पुन्हा पाठवला. तो आता देवघराशेजारच्या फळीवर आहे, जगात काय काय चालतं याचा पुरावा म्हणून.

चाचांच्या पोराने एकदा मायेने टॅपेट कव्हर सोलापूरहून क्रोम करून आणलं. त्यात तोंड दिसू लागलं. अण्णांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि ते फार वाईट झालेलं होतं. पोराची यात काही चूक नाही. जुनी वस्तू नवी करायची तर ती चकचकीत करायची, हे शहाण्या जगाचं शास्त्र आहे. वेड्यांचं शास्त्र वेगळं. अमेरिकेत कॉर्व्हेट दुरुस्त करणाऱ्यांची एक संस्था १९७४ पासून आहे, म्हणजे अण्णांच्या गाडीच्याच वयाची. तिचे परीक्षक बोनेटमध्ये डोकं घालून गुण देतात आणि कारखान्याने दिली नव्हती तितकी चकाकी दिसली की गुण कापतात. तपासनिसाने मारलेल्या खडूच्या खुणा आणि घाईत उडालेला रंगाचा फवारासुद्धा जसाच्या तसा लागतो. अण्णांनी हे मोबाइलवर पाहिलं आणि क्रोम उतरवायला दिलं. तेव्हापासून रंगाचा ओघळ कुठल्या बाजूला हवा, यावर पुण्याच्या एका पद्मिनीवाल्याशी त्यांचं बोलणं बंद आहे. कुर्ल्याच्या कामगाराने १९७४ मध्ये केलेली घाई आता धाराशिवात सावकाश, बारीक ब्रशाने, चष्मा पुसून पुसून करावी लागते.

ओरिजिनलचा हट्ट गाडीला मानवतोच असं नाही. चाचांनी मागे केव्हातरी डायनमो काढून अल्टरनेटर बसवला होता. ते शहाणपणाचंच होतं, कारण इंजिन मंद फिरत असताना डायनमो बॅटरी नीट चार्ज करत नाही. अण्णांनी लुकास-टीव्हीएसचा जुना डायनमो आणि कटआउट शोधून पुन्हा चढवला. आता रात्री चौकात गाडी थांबली की दिवे डोळे मिटायला लागतात आणि अण्णा ॲक्सिलरेटर दाबून त्यांना जागं ठेवतात. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटतं, म्हातारा रेस लावतोय.

पाण्याचंही तसंच. घरी नळ कधी येईल याची खात्री नाही, उन्हाळ्यात टँकरच्या मागे कळशी घेऊन पळावं लागतं. रेडिएटरला मात्र डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी जड असतं, नळ्यांत क्षार धरतात, हे अण्णांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. अण्णांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, म्हणणं एवढंच की त्यांच्या गुडघ्यांतही क्षार धरले आहेत आणि त्याची चौकशी अजून कुणी केलेली नाही.

काकूंनी अण्णांना एकदाच पुरतं हरवलं, दसऱ्याला. इंजिनाला हळदकुंकू लावायचं नाही, असं अण्णांनी बजावलं होतं. पितळी रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आधीच एक जुना लालसर डाग होता. तो काढायला अण्णांनी थिनर, टूथपेस्ट आणि चिंच वापरून पाहिली होती.

"अहो, तो डाग कशाचा आहे ठाऊक आहे का?" काकू म्हणाल्या. "गाडी आणली त्या दिवशी मामंजी ती थेट तुळजापूरला घेऊन गेले. घरी यायच्या आधी पूजा झाली. सासूबाईंनी मला शंभरदा सांगितलंय."

अण्णा गप्प झाले. म्हणजे डाग १९७४ चा. शोरूममधून निघाल्यापासून गाडीवर आहे. त्यांनी फोटो काढून फाइलला लावला आणि त्याच्याशेजारी नवं बोट टेकवायला काकूंना परवानगी दिली, डावीकडे, जुन्यापेक्षा लहान.

सरकारनेही आता अशा माणसांची दखल घेतली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि व्हीए अक्षरांचा खास नंबर. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. लोकांना तो खास नंबर मिरवायचा असतो. अण्णांनी जुनाच धरून ठेवला, कारण चौऱ्याहत्तर साली व्हीए नव्हतं. अशी गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी किंवा रॅलीसाठी. कोथिंबीर आणायला नाही, हे अण्णांनी काकूंना नियमाची प्रत दाखवून समजावलं.

गेल्या लग्नसराईत कळंबचे एक वरपिता आले.

"अण्णा, पोराची वरात तुमच्या फियाटमधूनच काढायची. म्हणाल ते भाडं."

"पद्मिनी," अण्णा म्हणाले. "भाडं घेता येत नाही, नियम आहे. पण वरात म्हणजे प्रदर्शनच की. तशीच नेऊ. फक्त बोनेटवर फुलं लावायची नाहीत."

"मग कुठं लावावीत?"

"डिकीवर. बोनेट उघडं राहणार आहे."

वरपित्याने जरा विचार केला. "अन् नवरदेवाला म्होरचं दिसंल कसं?"

"त्याला कशाला दिसायला पाहिजे? चाचा पुढून हात दाखवत चालतील."