मन घट्ट लावण्याची कृती
(नवशिक्या धावपटूंसाठी)

साहित्य : धावण्याचे बूट एक जोड, गजराचा फोन, चवीपुरता अहंकार आणि मध्यम आकाराचं मन एक. मन ताजं असल्यास उत्तम, नसल्यास घरात असेल ते चालेल. विरजण विकत आणू नये. पुण्यात ते घरपोच मिळतं.

कृती : आधी चारचौघांत जाहीर करा की यंदा आपण पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये धावणार. ही शर्यत १९८३ पासून गावाला ठाऊक आहे, त्यामुळे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ‘दहा किलोमीटर’ हे शब्द मात्र हळू आवाजात उच्चारा. संध्याकाळपर्यंत उत्साहावर विरजण पडायला सुरुवात होईल. ‘या वयात? गुडघे बघा बाबा.’ ‘मॅरेथॉन म्हणजे पूर्ण बेचाळीस, की आपलं ते हे?’ ‘आमचा मेहुणा धावायचा. चांगला होता हो.’

नवशिके इथे चुकतात. ते उत्तरं देत बसतात, गुडघ्यांवरचे लेख पाठवतात, मेहुण्याचं पुढे काय झालं ते विचारतात. अहो, विरजणाशिवाय दही लागलंय कधी? आलेलं विरजण मुकाट घ्या, एकदा ढवळा आणि भांडं झाका.

आता सराव. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद, बुटक्या, दिसायला निरुपद्रवी. पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीला तुम्हाला देवदेवेश्वराची नव्हे, लिंबू सरबताची ओढ लागेल. त्यात चूक काही नाही. चूक आहे ती पायऱ्या मोजण्यात. ‘अजून त्रेसष्ट’ हा आकडा पायांना कुणी सांगितला नव्हता, तुम्ही सांगितलात.

हे माझं शहाणपण नव्हे, नेमबाज स्वप्नील कुसाळेचं. स्वप्नील मूळचा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ च्या ऑलिम्पिकपर्यंत नोकरी रेल्वेत तिकीट तपासनिसाची, सराव आपल्या बालेवाडीला. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातला दहा गुणांचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. थ्री पोझिशन प्रकारात हा गोल आधी गुडघा टेकून, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून टिपायचा. (आपण दहा किलोमीटरला हाच क्रम उलटा करतो.) पॅरिस ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत स्वप्नील ५९० गुणांनी सातवा आला. अंतिम फेरीत जागा आठच. १ ऑगस्ट २०२४ ला त्या फेरीत गुडघ्यावर तो सहावा होता, पालथ्याला पाचवा आणि उभ्याने तिसरा. ४५१.४ गुण, कांस्यपदक. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं होतं ते १९५२ साली हेलसिंकीत, खाशाबा जाधवांना. त्यानंतर हेच.

नंतर पत्रकारांनी विचारलं तर गडी म्हणाला, पोटात गोळा आला होता, सकाळपासून नुसता कोरा चहा घेतलेला, आणि गुणफलकाकडे पाहिलंच नाही. मला यातला कोरा चहा लगेच जमला. गुणफलक जमेना. आपल्या मनगटावर घड्याळ असतं, ते दर शंभर मीटरला वेग सांगतं आणि आपण तो बघतो. लागत्या दह्यात दर पाच मिनिटांनी बोट घालून पाहणाऱ्या नव्या सुनेत आणि आपल्यात मग काय फरक राहिला? स्वप्नीलच्या पोटातही गोळा होताच, हे विसरू नका. गोळा जाईपर्यंत थांबला असता तर अजून ऑलिम्पिकच्या त्या शातोरूच्या रेंजवर उभा असता.

वाचनाची आवड असेल तर भीष्मराज बाम यांचं ‘विजयाचे मानसशास्त्र’ आणा. बाम पोलीस अधिकारी होते, नाशिकचे. योगातला श्वास आणि एकाग्रता त्यांनी अंजली भागवतसारख्या नेमबाजांच्या हाती रायफलीइतकी सहज दिली. माझी प्रत उशाशी आहे. पहाटे गजर बंद करताना हात तिच्यावर पडतो आणि थोडं अपराधी वाटतं. पुस्तकाचा हा उपयोग बामांना अभिप्रेत नसावा.

बुटांविषयी काही सांगत नाही. दुकानदार सांगेल, तुम्ही ऐकाल.

शेवटची परीक्षा सिंहगडावर. गाडीरस्त्याने नाही, आतकरवाडीतून चढायचं, पहाटे. वाटेत काठी टेकत जाणारे एक गृहस्थ तुम्हाला मागे टाकतील. हे घडतंच, दर वेळी गृहस्थ वेगळे असतात. त्यांच्या पाठीकडे पाहून वेग वाढवू नका. मी वाढवला होता. पहिल्याच मोठ्या चढाला दगडावर बसून मी निसर्ग न्याहाळत असल्याचं नाटक केलं, आणि उतरणाऱ्या तीन जणांनी ‘पाणी हवंय का?’ विचारून ते उघडं पाडलं. त्यानंतर मात्र घड्याळ काढून खिशात टाकलं. पुढचा दगड, मग त्याच्या पुढचा, एवढाच हिशोब ठेवला. मोठं काही साक्षात्कारासारखं झालं नाही. श्वास लागला, बसला, पुन्हा लागला.

वर मडक्यातलं दही मिळतं. मडकं उपडं केलं तरी पडत नाही अशी ख्याती. मी प्रयोग करणार होतो, पण विकणाऱ्या मावशींनी नजरेनेच थांबवलं. शेजारच्या बाकड्यावर तेच काठीवाले गृहस्थ बसले होते.

‘किती वेळ लागला?’

‘पाहिलं नाही,’ मी बाणेदारपणे म्हणालो.

‘म्हणजे बराच लागला.’ त्यांनी चमचा चाटून ठेवला. ‘आमचा एक मेहुणा होता, धावायचा...’

मी मावशींना अजून एक मडकं सांगितलं.