रेखांशराव, माझी ३५ मिनिटं कुठं आहेत?

श्री. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश,
मुक्काम मिर्झापूर, उत्तर प्रदेश
यांस पुण्याहून सा. न. वि. वि.

आपली ओळख शाळेतली. भूगोलाच्या पेपरात तुमच्यावर दोन मार्कांचा प्रश्न होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. त्याचे पांग तुम्ही असे फेडाल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी सायकल चालवते. म्हणजे, चालवायची म्हणते. चार वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली गिअरची सायकल गॅलरीत उभी आहे आणि तिच्या हँडलवर सध्या मुलीचा टॉवेल वाळतोय. मुलीची बस सात-दहाला कोपऱ्यावर येते, म्हणजे पावणेसातला डबा भरलेला हवा. नऊला माझा लॅपटॉप उघडतो, तो संध्याकाळी सातला मिटतो. मग स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, उद्याची भाजी निवडणं. आमचे हे ‘तू जा ना, मी बघतो’ असं अगदी मनापासून म्हणतात. गेले, की दुसऱ्या किलोमीटरला फोन येतो: डब्याचं झाकण कुठलं?

थोडक्यात, दिवसातला माझा म्हणावा असा तुकडा एकच, पहाटे पाच ते सव्वासहा. मे महिन्यात काही अडत नाही, साडेपाचला रस्ता दिसायला लागतो. जानेवारीत मात्र साडेसहापर्यंत झुंजुमुंजूसुद्धा होत नाही.

तुम्ही रेघ असल्यामुळे तुम्हाला रस्ता म्हणजे काय ते ठाऊक नसेल, म्हणून सांगते. खडकवासल्याकडे जाताना पट्टे उडालेला गतिरोधक आधी चाकाला कळतो, मग मनगटाला, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांना. दिवसा शेपूट हलवणारी कुत्री पहाटे स्वतंत्र संस्थानं स्थापन करतात आणि दर २०० मीटरवर हद्द बदलते. डंपरवाले समोरून असा प्रखर दिवा मारतात की पुढची दहा सेकंदं आपण केवळ श्रद्धेवर चालत असतो. हे सगळं एकवेळ चालेल. पण मागून येणारी एखादी मोटरसायकल ओव्हरटेक न करता मंदावते. ती का मंदावली असेल, हा विचार पुढच्या वळणापर्यंत पेडल मारत करावा लागतो. आमच्या सायकल ग्रुपमधल्या पुरुषांना विचारलं, तर त्यांना ती मोटरसायकल कधी ऐकूच आलेली नाही.

आता हिशेब. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. देशाचं घड्याळ लागतं तुमच्यावर, म्हणजे ८२.५ अंशांवर; पुणं ७३.८५ च्या आसपास. वजाबाकी करा, चाराने गुणा: जवळजवळ ३५ मिनिटं. आमचा सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या पुढे आणि घड्याळ मात्र बाराचे ठोके देऊन मोकळं झालेलं असतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. तुम्ही कोंबड्याला हातही लावला नाहीत. नुसता काटा पुढे सरकवलात. याला म्हणतात सफाई!

तरी आज संक्रांत. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता दिवस तिळातिळाने वाढणार. वाढतोय ना! सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरलाच होऊन गेला. पण वाढ सगळी संध्याकाळच्या पदरात पडते, सकाळ उलट जानेवारीच्या मध्यापर्यंत मागेच सरकत राहते. पुण्यात वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय याच सुमाराला, सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी. हा गुन्हा तुमचा नाही, पृथ्वीच्या कललेल्या आसाचा आणि लंबगोल कक्षेचा आहे. पण साथीदार म्हणून तुमचं नाव मी घेणारच.

माझी तक्रार पहिली नाही, हेही लक्षात असू द्या. १ जानेवारी १९०६ ला तुमचा अंमल सुरू झाला, तेव्हा मुंबईचे गिरणीकामगार भडकले होते. मुंबईची स्वतःची वेळ तुमच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. भोंगा तुमच्या घड्याळावर वाजणार, म्हणजे माणसाने तेवढ्या आधीच्या अंधारात घराबाहेर पडायचं. मुंबई महापालिकेने तर आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तिकडे आसामच्या चहाच्या मळ्यांची गाऱ्हाणी उलटी. तिथं सूर्य इतक्या लवकर येतो की मळेवाल्यांनी आपलं घड्याळ तासभर पुढे करून ‘बागान टाइम’ काढला. मळेवाल्यांना जमलं, पालिकेला जमलं. मला सोसायटीच्या वॉचमनचंही घड्याळ मागे करता येत नाही.

तुमची बाजूही मला माहीत आहे. म्हणाल, ती ३५ मिनिटं मी खाल्ली नाहीत, संध्याकाळच्या टोकाला नेऊन जोडली. मिर्झापुरात डिसेंबरात सव्वापाचलाच दिवेलागण होते, तुम्हा पुणेकरांना मात्र सहापर्यंत उजेड. केवढे उपकार! तो उजेड मी रोज पाहते. मीटिंग चालू असते, कॅमेरा चालू असतो, आणि समोरच्या इमारतीवरून तो पिवळा, उबदार, सायकलीसाठीच केल्यासारखा उजेड हळूहळू उतरून जातो. उरलेला हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांच्या टपांवर पडतो. इतका चांगला उजेड टपांवर वाया घालवायला मन मोठं लागतं.

दाद मागायला दुसरीकडेही गेले होते. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. क्षणभर वाटलं, सुटले! मुलांची झोप पूर्ण व्हावी असा त्यामागचा विचार. आमची मुलगी आठवीत. तिची झोप चौथीतच पूर्ण झाली असावी.

तेव्हा मागणी साधी आहे. वर्षभर नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातून तीन दिवस, ३५ मिनिटं. रोख जमत नसतील तर हप्त्याने चालतील. सायकलीवरचा टॉवेल मी काढून ठेवते, हवा भरून ठेवते, पुढचा दिवा चार्जिंगला लावलेलाच आहे.

सोबत तिळगूळ पाठवतेय, घ्या. गोड बोलायचं मात्र या खेपेला जमलं नाही.

आपली,
पुण्याची एक सायकलवाली